घरी लेझर कटर लावताना: आधी धूर, पाणी आणि अर्थिंग

लेझर कटर घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती वॉटचा घेऊ?" मी उलट विचारते, धूर कुठून बाहेर काढणार? रत्नागिरीत घराच्या मागच्या पडवीत मी नावाच्या पाट्या, केक टॉपर, रुखवताचं सामान आणि मखरं कापते. मशीन पसंत करायला फार वेळ लागत नाही. त्याच्या भोवतीची हवा, पाणी आणि वीज जमवता जमवता दमछाक होते, आणि दुकानदार त्याबद्दल चकार शब्द काढत नाही.

तरी निवडीचं थोडक्यात सांगते. डायोड लेझर स्वस्त आणि टेबलावर मावणारा. पण त्याचा निळा किरण (साधारण ४५० नॅनोमीटर) पारदर्शक ॲक्रिलिकमधून सरळ आरपार जातो, कापत नाही. शिवाय उघड्या चौकटीचं मशीन असेल तर त्या तरंगलांबीसाठीचाच चष्मा लागतो, साधा गॉगल चालत नाही. दुसरा प्रकार कार्बन डायऑक्साइड वायू भरलेल्या काचेच्या ट्यूबचा. त्याचा किरण १०.६ मायक्रोमीटरचा, ॲक्रिलिक, एमडीएफ (लाकडाचा भुसा डिंकाने दाबून केलेली फळी), कागद, कापड सगळं त्याने कापतं. हा लेझर १९६४ साली अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये कुमार पटेल यांनी शोधला. ते जन्माने बारामतीचे आणि शिकले पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात. तेव्हा मशीन चीनहून आलं तरी माहेर इथलंच, असं मी गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगते.

पाट्या आणि टॉपर एवढंच करायचं असेल तर ४० वॉट पुरतात. मखराचे मोठे भाग कापायचे तर ६० वॉट घ्या. मात्र ६० वॉटची काचेची ट्यूबच सव्वा मीटरच्या आसपास लांब असते, त्यामुळे मशीनही ऐसपैस. ऑर्डर देण्याआधी दाराची रुंदी मोजा.

आता धूर. एमडीएफमधला डिंक जळताना फॉर्मल्डिहाइड सुटतो, नुसती खिडकी उघडून भागत नाही. ब्लोअर पाइपच्या बाहेरच्या टोकाला बसवा. मग पाइपला कुठे भेग असली तरी हवा आत ओढली जाते, धूर खोलीत येत नाही. पाइप आखूड ठेवा आणि वळणं कमीत कमी. फ्लॅटमध्ये राहत असाल तर वरच्या मजल्यावरच्या काकूंचे वाळत घातलेले कपडे आठवा आणि पाइपचं तोंड कुठे काढायचं ते आधी ठरवा.

वीज म्हणजे मुख्यतः अर्थिंग. ट्यूबला पंधरा-वीस हजार व्होल्टचा पुरवठा लागतो. जुन्या घरांत तीन पिनांचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या पिनेच्या मागे वायरच नसते. वायरमनला बोलावून अर्थिंग तपासल्याशिवाय मशीनची पिन लावू नका.

काय कापायचं यापेक्षा काय कापायचं नाही हे आधी पाठ करा. पीव्हीसी कधीही नाही. त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतो. फुप्फुसं जळतात आणि मशीनचं लोखंडही गंजतं. आपल्याकडे पीव्हीसी वेगवेगळ्या नावांनी समोर येतं: साइनबोर्डवाल्यांचा सनबोर्ड, बॅगवाल्यांचं रेक्झिन, फ्लेक्स. गिऱ्हाईक म्हणतं, "ताई, सनबोर्डवर अक्षरं कापून द्या ना." नाही म्हणायचं. शंका असेल तर तांब्याची तार तापवून त्या प्लॅस्टिकला टेकवा आणि पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर क्लोरीन आहे. हे उघड्यावर करा आणि चिमटीएवढ्याच तुकड्यावर.

मशीन चालू असताना खोली सोडून जाऊ नका. एअर असिस्टची (कापायच्या जागी हवा फुंकणाऱ्या पंपाची) हवा ज्योत दाबून ठेवते आणि लेन्सही स्वच्छ ठेवते, पण ॲक्रिलिक पेटायचं ते पेटतंच. कार्बन डायऑक्साइडचा छोटा अग्निशामक हाताशी हवा.

ट्यूबमधला किरण आरशांवरून वळत कापणाऱ्या हेडपर्यंत येतो. हे आरसे जुळवायला शांत डोकं लागतं. आरशासमोर मास्किंग टेपचा तुकडा लावायचा, अगदी कमी ताकदीचा एक ठिपका उमटवायचा, मग हेड दूर नेऊन पुन्हा एक. दोन्ही ठिपके एकावर एक आले पाहिजेत. पहिल्या आरशापासून सुरुवात करा; तिसऱ्यावर थेट हात घातलात तर संध्याकाळ तिथेच जाईल. फोकससाठी मशीनबरोबर आलेली पट्टी फेकून देऊ नका.

कोकणातल्यांसाठी पाण्याचा भाग महत्त्वाचा. ट्यूब पाण्याने थंड होते, आणि ते पाणी डिस्टिल्डच हवं. नुसत्या रेडिएटर-पंख्याचा स्वस्त चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) पाणी खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये तो निरुपयोगी. कॉम्प्रेसरचा चिलर घ्या. पण पावसाळ्यात तोच उलटतो. खोलीत २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल, तर सुमारे २५ अंशांनाच दव धरतं. चिलर २० वर ठेवलात की ट्यूबच्या टोकांवर पाणी जमतं, आणि तिथे तर हजारो व्होल्ट खेळत असतात. म्हणून जून ते सप्टेंबर मी २६-२७ वर ठेवते. भिंतीवर आर्द्रतामापक हवाच.

आणि नेमका तेव्हाच कामाचा हंगाम. २०१८ साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली तेव्हापासून मखरासाठी एमडीएफ आणि पुठ्ठ्याला मागणी वाढली. पण एमडीएफ श्रावणात ओल धरून फुगतो. उन्हाळ्यात अचूक बसणारी खाच पावसाळ्यात बसत नाही. मे महिन्यातच शीट आणून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आडव्या ठेवते, उभ्या ठेवल्या की वाकतात. प्रत्येक गठ्ठ्याची जाडी कॅलिपरने मोजून मगच खाच आखायची. ३ मिलिमीटर म्हणून मिळालेली शीट क्वचितच ३ मिलिमीटर असते.

देवनागरीत एक सोय आहे आणि एक खोडी. शिरोरेषेमुळे शब्द एकसंध राहतो, इंग्रजीसारखी सुटी अक्षरं चिकटवत बसावं लागत नाही. पण अनुस्वार गळून पडतो. त्याला शिरोरेषेपर्यंत बारीक पूल द्यावा लागतो. दुसरं, फॉन्टमध्ये काना-मात्रा अक्षरावर चढलेल्या असतात. तशीच फाईल पाठवली तर लेझर त्या आतल्या रेषाही कापतो. आधी अक्षरं कर्व्ह करून (म्हणजे फॉन्टऐवजी नुसत्या रेषा करून) एकजीव करा: इंकस्केप या सॉफ्टवेअरमध्ये युनियन, लाइटबर्नमध्ये वेल्ड. मुक्त (त्यातला ठळक प्रकार) आणि बलू हे फुकट मिळणारे टाइप यासाठी चांगले, रेषा जाड असल्याने कापल्यावर मोडत नाहीत.

दर ठरवताना नवीन मंडळी शीटची किंमत धरतात आणि थांबतात. फाईल बनवायचा वेळ, मास्किंगचा कागद सोलायचा वेळ, ट्यूबची झीज, वाया गेलेला कोपरा हे सगळं त्यात हवं. मी फाईलचे पैसे वेगळे लावते. पाटीवरचं नाव बदलून घ्यायला तिसऱ्यांदा आलेल्या माणसाला ते पटतात. लहान उद्योगांसाठीची उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर मोफत होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. आणि मखराच्या ऑर्डर गणपतीच्या तीन आठवडे आधी बंद करा. नंतर येणारे सगळे ओळखीचेच असतात, त्यांना सरळ दिवाळीच्या कंदिलाचं विचारा.