खडकावर उतरायचं तर आधी पाऊणकी

मालवणात आमच्याकडे पाहुणे आले की पहिला प्रश्न स्नॉर्केलिंगचा. करा की. पण डोकं न भिजवता समुद्रातले जीव बघायचे असतील, तर ओहोटीला रॉक गार्डनच्या खडकांवर या. वेळ मात्र साधली पाहिजे.

आजोबा ती बोटांवर काढायचे. तिथीची पाऊणपट केली की भरती, पुढे सहा तासांनी ओहोटी. तृतीयेला तीन पाऊण सव्वादोन, म्हणजे सकाळी सव्वाआठच्या सुमारास पाणी सगळ्यात खाली. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. अर्धा तास इकडेतिकडे होतो, म्हणून मोबाईलवर ताडून बघा. पुनव-अवसेपासून तृतीयेपर्यंत उधाण, तेव्हा पाणी लांबवर ओसरतं. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, म्हणजे ते फारसं ओसरतच नाही. त्या दिवशी येऊन 'काहीच दिसलं नाही' म्हणून आमच्यावर रुसू नका. पावसाळ्यात तर खडकावर पाऊलच ठेवू नका.

पायात जुने कॅनव्हासचे बूट हवेत. चपला शेवाळावर घसरतात आणि कालवांच्या कडा ब्लेडसारख्या कापतात. ओहोटीच्या तासभर आधी पोचा आणि पाण्यामागोमाग खाली उतरा.

आता मुख्य काम. परातीएवढं एक डबकं निवडा, आपली सावली पाण्यावर पडणार नाही असे बसा आणि दहा मिनिटं गप्प राहा. बहुतेक लोक इथेच चुकतात, डबक्यामागून डबकी पालथी घालत सुटतात. पहिली दोन-तीन मिनिटं खरंच काही दिसत नाही. मग एक 'खडा' चालू लागतो: शंखात बिऱ्हाड केलेला खेकडा. तळाशी बोटभर मासा असतो, तो हलला तरच कळतो. कडेचं समुद्रफूल, म्हणजे फुलासारखा दिसणारा जीव, बोटं पसरतं, आणि एखादी कोळंबी घासून गेली की झटकन मिटतं. नशीब असेल तर कवच नसलेली रंगीत समुद्री गोगलगाय दिसते. मला अख्ख्या हंगामात दोनदा दिसली.

दगड उलटू नका. उलटलाच तर होता तसाच ठेवा, खालच्या जिवांना ऊन सोसत नाही. कोनासारखा निमुळता, नक्षीदार शंख हातात घेऊ नका. त्यातली गोगलगाय विषारी दात मारते. खडकावर हिरवट-तपकिरी बुळबुळीत गालिचा दिसला तर त्यावर पाय देऊ नका, हात लागला तर डोळे चोळू नका. आणि प्रवाळाचा तुकडाही घरी नेऊ नका, वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे. मालवणच्या समुद्राचा काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, ते वेगळंच.

रिकामे शंखही राहू द्या. सहावीत असताना मी एक 'रिकामा' शंख दप्तरात घालून नेला. तिसऱ्या दिवशी अख्खा वर्ग नाक धरून बसला. आत खेकडा होता.

आई कालवं काढायला जाताना एकच बजावायची, "दर्याक पाठ दाखवू नको." मी अजूनही आल्याआल्या पाण्यालगतचा एक कोरडा दगड हेरून ठेवतो. तो ओला झाला की उठायचं, डबक्यात काहीही चाललेलं असो.