एकाच हाडावरून नामशेष गायक पक्षी कसा ओळखावा

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यातील रिव्हर्सली येथे चुनखडकात सापडलेल्या पंखाच्या हाडावरून पक्षी-जीवाश्मांचे अभ्यासक वॉल्टर बोल्स यांनी १९९५ मध्ये लायरबर्डच्या, म्हणजे इतर पक्ष्यांच्या आवाजांची नक्कल करणाऱ्या ऑस्ट्रेलियातील मोठ्या गायक पक्ष्याच्या, एका नामशेष जातीचे वर्णन केले आणि तिला मेन्यूरा त्यावनॉइडीज हे नाव दिले. या पक्ष्याची कवटी, चोच किंवा पिसे यांपैकी काहीही हाती नसताना तो लायरबर्डच आहे असे कसे म्हणता आले, हा प्रश्न कोणाही वाचकाला पडेल. त्याचे उत्तर शोधण्याची जी रीत आहे, तीच पुढे सांगितली आहे. एखाद्या प्राचीन गायक पक्ष्याचे शास्त्रीय वर्णन वाचताना किंवा संग्रहालयात त्याचे रंगीत चित्र पाहताना त्यातले पुराव्याचे किती आणि अनुमानाचे किती, हे या रीतीने स्वतःला पडताळून पाहता येते.

सुरुवातीला ‘गायक पक्षी’ हा शब्द नीट समजून घ्यावा, कारण येथे तो आवाजाच्या गोडव्याला नव्हे तर वंशाला लावलेला असतो. आज हयात असलेल्या पक्ष्यांपैकी निम्म्याहून अधिक जाती पॅसेरिफॉर्मीस या एकाच गणात मोडतात आणि त्या गणातील सर्वांत मोठी शाखा म्हणजे गायक पक्षी. कावळा या शाखेत बसतो. ज्याच्या गळ्याची कवींनी पिढ्यान्‌पिढ्या स्तुती केली तो कोकीळ मात्र त्या गणातही नाही. नवरंग पक्षी गणात आहे, पण शाखेत नाही. म्हणून जीवाश्माला दोन वेगळे प्रश्न विचारावे लागतात: तो पॅसेरिफॉर्मीस गणातला आहे का, आणि असल्यास गायकांच्या शाखेतला आहे का? पहिल्याचे उत्तर पुष्कळदा मिळते, दुसऱ्याचे क्वचितच.

यानंतर वर्णनातील नमुन्याची नोंद वाचावी. ज्या नमुन्यावर जातीचे नाव आधारलेले असते त्याला होलोटाइप म्हणतात. तो संपूर्ण सांगाडा आहे, एखादे अखंड हाड आहे की हाडाचे केवळ टोक आहे, यावर पुढच्या प्रत्येक विधानाचे वजन ठरते. लहान पक्ष्यांची हाडे पोकळ आणि पातळ असल्यामुळे ती सहसा तुकड्यांच्याच रूपात मिळतात. रिव्हर्सलीचे चुनखडक सौम्य ॲसिटिक आम्लात ठेवले जातात. आम्लात चुना विरघळतो आणि फॉस्फेटयुक्त हाड मागे राहते. हाड बारीक असूनही त्याचे काटे आणि खाचा शाबूत मिळतात त्या या संथ प्रक्रियेमुळेच, आणि ओळख पटवताना उपयोगी पडतात त्या नेमक्या याच खुणा.

मेन्यूरा त्यावनॉइडीजचे हाड कार्पोमेटाकार्पस आहे, म्हणजे पंखातील मनगट आणि तळहात यांच्या हाडांचे एकत्र जुळून झालेले जोडहाड. ते हाती आले किंवा त्याची आकृती समोर असली, तर त्यात दोन समांतर दांडे दिसतात, एक जाड आणि एक बारीक. प्रथम त्यांच्या मधल्या फटीकडे पाहावे. पॅसेरिफॉर्मीस गणात जाड दांड्याच्या वरच्या भागातून एक काटा निघून तो बारीक दांड्यापर्यंत पोहोचतो आणि बहुधा त्याला जुळलेला असतो. मग हाडाचे पंखाच्या टोकाकडील टोक पाहावे. या गणात बारीक दांडा जाड दांड्यापेक्षा स्पष्टपणे पुढे गेलेला असतो. केवळ काटा पाहून निर्णय देऊ नये, कारण सुतार पक्ष्यांच्या गणातही तसा काटा आढळतो. दोन्ही खुणा एकत्र दिसल्या म्हणजे ओळखीला बळ येते. क्वीन्सलँडमधीलच मर्गन येथील सुमारे ५.५ कोटी वर्षांपूर्वीचे हाडांचे तुकडे पॅसेरिफॉर्मीस गणातले म्हणून बोल्स यांनी १९९५ मध्येच प्रसिद्ध केले, त्यांतही कार्पोमेटाकार्पसचा तुकडा होता. त्यावरून गण ओळखता आला, पण ते पक्षी गायकांच्या शाखेतले होते असे ठरवण्याइतका तो पुरावा नाही.

पायाचे हाड उपलब्ध असेल तर तेही जरूर पाहावे. पॅसेरिफॉर्मीस पक्ष्यांची तीन बोटे पुढे आणि एक बळकट बोट मागे असते, त्यामुळे त्यांना बारीक फांदी घट्ट पकडता येते. कोकिळाची आणि पोपटाची दोन बोटे पुढे व दोन मागे असतात. बोटे ज्या उंचवट्यांवर बसतात त्यांच्या आकारावरून हा फरक जीवाश्मातही कळतो. चोचीवर मात्र इतका विश्वास टाकू नये. अमेरिकेतील वायोमिंग येथील सुमारे ५.२ कोटी वर्षांपूर्वीच्या आणि जर्मनीतील मेसेल येथील सुमारे ४.७ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांतून इओफ्रिंजिलिरोस्ट्रम या प्रजातीच्या (म्हणजे जवळच्या जातींच्या गटाच्या) दोन जाती मिळाल्या. त्यांचे वर्णन २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांची चोच आजच्या दाणे फोडणाऱ्या फिंच पक्ष्यांसारखी आखूड व टोकदार आहे, आणि प्रजातीच्या नावातही ‘फिंचची आद्य चोच’ असाच अर्थ गुंफलेला आहे. तरीही त्यांच्या पायाचे चौथे बोट मागे वळलेले आहे आणि ते पक्षी गायकांत बसत नाहीत. सारखा आहार असला की दूरच्या वंशांतही सारखी चोच घडते. प्राचीन पक्ष्यांच्या बाबतीत सर्वाधिक फसगत होते ती येथेच, असे माझे मत आहे.

गण निश्चित झाल्यावर कुलाकडे, म्हणजे गणातील लहान गटाकडे, वळावे. हे काम पुस्तकातील आकृत्यांवर भागत नाही, त्यासाठी आजच्या पक्ष्यांच्या सांगाड्यांचा संग्रह लागतो. गायक पक्ष्यांचे सांगाडे एकमेकांशी इतके सारखे असतात की कित्येक जीवाश्मांना कुलापर्यंत नेताच येत नाही. लायरबर्ड या गणातील अतिशय मोठ्या पक्ष्यांपैकी एक असल्यामुळे आणि त्याच्या हाडाची ठेवण वेगळी असल्यामुळे येथे तुलना शक्य झाली. आजच्या दोन्ही जातींच्या हाडांशी ताडून पाहिल्यावर जुना पक्षी त्यांच्यापेक्षा लहान होता, हेही कळले. वर्णनात लेखकाने कोणत्या आणि किती जातींशी तुलना केली आहे ते नेहमी तपासावे. तुलनेची यादी तोकडी असेल तर निष्कर्षही तितकाच सावधपणे घ्यावा.

काळ आणि परिसर या बाबी खडकाच्या थरावरून आणि सोबतच्या जीवाश्मांवरून ठरतात. हे हाड मायोसीनच्या आरंभीच्या भागातले आहे, म्हणजे साधारण २.३ ते १.६ कोटी वर्षांपूर्वीच्या काळातले. आज कोरड्या असलेल्या त्या प्रदेशात तेव्हा घनदाट वर्षावन होते. सध्याचे लायरबर्ड खंडाच्या आग्नेय व पूर्व भागातील दमट जंगलांपुरते उरले असल्याने ही माहिती त्यांच्या जुन्या विस्ताराच्या दृष्टीने मोलाची ठरते.

पक्षी कसा वावरत असे, हे एका हाडावरून सांगण्याचा मोह आवरावा. त्यासाठी पंख आणि पाय या दोहोंच्या हाडांची लांबी हवी. कॅनरी बेटांपैकी तेनेरिफे येथील ज्वालामुखीय गुहेत मिळालेला, १९९९ मध्ये वर्णन झालेला एम्बेरिझा अल्कोव्हेरी हा भारीट याचे चांगले उदाहरण आहे. त्याच्या पायांची हाडे लांब आणि पंखांची हाडे आखूड असल्यामुळे तो बहुधा उडत नसावा व जमिनीवरच वावरत असावा, असे म्हणता आले. हा निष्कर्ष कोणत्याही एका हाडातून नव्हे, तर त्यांच्या प्रमाणातून निघालेला आहे.

शेवटी गाण्याचा प्रश्न येतो. पक्ष्यांचे स्वरयंत्र, म्हणजे सिरिंक्स, श्वासनलिकेच्या तळाशी असते आणि त्याचे स्नायू खडकात टिकत नाहीत. त्याची वलयाकार कडी टिकल्याची उदाहरणे फार विरळ आहेत. अंटार्क्टिकातील वेगा बेटावरच्या व्हेगॅव्हिस या पक्ष्याचे सिरिंक्स २०१६ मध्ये वर्णिले गेले, पण तो गायकांच्या गणातला नाही. त्यामुळे प्राचीन गायकाच्या आवाजाविषयी बोलताना त्याच्या हयात नातेवाइकांचाच आधार घ्यावा लागतो. लायरबर्डचा वंश गायकांच्या मूळ खोडापासून फार लवकर वेगळा झाला आणि आजचे लायरबर्ड व इतर गायक हे दोन्हीही गाणे ऐकून शिकतात. म्हणून मेन्यूरा त्यावनॉइडीजही गाणे शिकत असावा, हे अनुमान बरेच भक्कम आहे. तो आजच्या लायरबर्डप्रमाणे इतर पक्ष्यांच्या आवाजांची नक्कल करत असे, हे विधान त्यापेक्षा कमकुवत आहे, आणि त्याच्या शेपटीला वीणेसारखा आकार होता असे म्हणायला या हाडात काहीच आधार नाही. त्याचे चित्र काढायचे झाल्यास पंखातील ते एक हाड ठळक रेषेने काढावे आणि शेपूट तुटक रेषेने दाखवावी.