एचबीए१सी: आकडा उचलण्याआधी ग्राफ बघा, या चुका टाळा

एचबीए१सी म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी. ती थेट साखर मोजत नाही, हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मोजते. हिमोग्लोबिनच वेगळ्या प्रकारचं असेल तर आकडा फसवतो. लॅबमध्ये नव्याने आलेल्यांना हे पाठ असतं, पण घाईत कुणाला आठवत नाही.

एकदा एका बाईंचा रिपोर्ट माझ्याकडे सहीला आला, ४.६ टक्के. सोबत त्यांची वही होती. जेवणानंतरची साखर २३०, २४५, २६०, पानामागून पान तेच. डॉक्टर गोळ्या कमी करायच्या बेतात होते. नव्या मुलाने तेच सॅम्पल त्याच मशीनवर पुन्हा लावलं आणि म्हणाला, “मॅडम, कन्फर्म झालं.” काय कन्फर्म झालं? त्याच पद्धतीने शंभर वेळा लावलं तरी तीच चूक शंभर वेळा छापून येते. मी एचपीएलसीचा, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या मशीनचा, ग्राफ मागवला. नेहमीच्या हिमोग्लोबिन ‘ए’चा डोंगर असतो तिथे जवळजवळ सपाट, आणि एरवी थोडंसंच असणाऱ्या ‘ए२’च्या जागी उंच सुळका. पुढे तपासणीत निघालं हिमोग्लोबिन ‘ई’, एक वेगळा आनुवंशिक प्रकार, आई आणि वडील दोघांकडून आलेलं. ‘ए१सी’ म्हणजे साखर चिकटलेलं ‘ए’. ‘ए’ नाही, तर ‘ए१सी’ कुठून येणार? तो ४.६ कशाचाच नव्हता. आकडा काढून टाकला, कारण लिहिलं, फ्रुक्टोसामाइन करायला सांगितलं. ते गेल्या दोन-तीन आठवड्यांची साखर दाखवतं आणि हिमोग्लोबिनवर अवलंबून नसतं. ते भरपूर वाढलेलं आलं.

तेव्हापासून मी आधी ग्राफ बघते, मग आकडा. शिवाय एक गणित करते: टक्केवारी गुणिले २८.७, वजा ४६.७. ४.६ म्हणजे सरासरी साखर ८५ च्या आसपास. वहीशी ताळमेळ बसत नसेल तर सही नाही. एक मिनिटही लागत नाही याला.

“बोरोनेट पद्धतीने करा, प्रश्न मिटला,” हेही अर्धवट ज्ञान. ही पद्धत हिमोग्लोबिनचा प्रकार न बघता साखर चिकटलेलं सगळं हिमोग्लोबिन मोजते. सिकल सेलचा नुसता वाहक असेल, म्हणजे सिकलचा जीन आई-वडिलांपैकी एकाकडूनच आला असेल, तर ते बहुधा चालतं. सिकलचा आजारच असेल तर लाल पेशी १२० दिवस टिकतच नाहीत, साखर चिकटायला वेळच मिळत नाही. मग कुठल्याही मशीनवर आकडा कमीच येतो. अशा वेळी उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर बघा.

नुकतंच रक्त चढवलं असेल तर एचबीए१सी करू नका. लोहाची कमतरता असेल तर आकडा उगाच वाढू शकतो.

आणि ग्राफवर नवा सुळका दिसला की पेशंटला घाबरवू नका. वाहक असणं म्हणजे आजार नव्हे, हे त्यांना तिथेच, समोर बसवून सांगा.