ताप उतरला की हिमॅटोक्रिट बघा

कोल्हापुरात पाऊस ओसरला की आमचा वॉर्ड डेंग्यूनं भरतो. नव्या सिस्टरांना मी पहिलं हेच सांगते: ताप उतरला म्हणून निर्धास्त होऊ नका. रक्तवाहिन्यांतून प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ पाण्यासारखा भाग, झिरपायचा धोका याच २४ ते ४८ तासांत असतो. नातेवाईक प्लेटलेटच विचारत राहतात. तुम्ही हिमॅटोक्रिट बघा, म्हणजे रक्तात लाल पेशी किती टक्के आहेत ते; प्लाझ्मा झिरपला की रक्त घट्ट होऊन तो आकडा चढतो. ३६ चा ४४ झाला, म्हणजे वाढ २० टक्क्यांच्या वर, तर गळती धरूनच चाला. वरच्या-खालच्या बीपीतलं अंतर २० किंवा त्याहून कमी झालं की डॉक्टरांना तिथल्या तिथं बोलवा. धोक्याची लक्षणं असतील तर सलाइन तासाला किलोमागे ५ ते ७ मिलीनं सुरू होतं, मग लघवी आणि हिमॅटोक्रिट बघत उतरवत न्यायचं. गळती थांबली की झिरपलेलं पाणी रक्तात परततं. तेव्हाही बाटली चालूच राहिली तर फुप्फुसात पाणी भरतं.