डब्यावरची गाय दूध देत नाही : लेबल वाचताना या चुका टाळा

बेळगावच्या शहापुरात आमच्या गल्लीत कुणाकडे कार्य निघालं की सामानाची यादी माझ्याकडे येते. दरवेळी मी एकच सांगते, पाकीट उलटं करा. बायका मान डोलावतात आणि पाकीट सुलटंच पिशवीत टाकतात.

चित्र बघून घेणं ही पहिली चूक. भाच्याच्या बारशाला जाऊबाईंनी एका होलसेलवाल्याकडून चार किलो पनीर उचललं, स्वस्तात मिळालं म्हणून खूश. "अगं, गाय हाय की त्याच्यावर!" तव्यावर टाकलं तर तांबूस व्हायचं सोडून तुकडे खोडरबरासारखे टणक. भाजी निवली तशी टोपाच्या काठाला पांढरी साय धरली. साय कसली, तेलच ते थिजलेलं. पाहुणे टाळूला जीभ लावून बसले. मी कचऱ्याच्या डब्यातून वेष्टन काढून पुसलं. समोर ब्रँडचं ठसठशीत नाव, त्याखाली मुंगीएवढं 'ॲनालॉग'. मागे घटकांत दुसऱ्या नंबरला पामतेल.

आता हा नंबर महत्त्वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानेच छापावे लागतात, म्हणजे दुसरा आलेला पदार्थ चिमूटभर नसतो. ॲनालॉग म्हणजे दुधातला काही भाग किंवा सगळाच काढून त्या जागी दुसरंच घातलेला माल. खऱ्या पनीरचं पाणी वजा केलं तर उरलेल्यात निम्मं तरी दुधाचं फॅट असायला हवं. ॲनालॉग विकायला बंदी नाही, फक्त तसं लिहावं लागतं. आणि लिहिलेलं होतं की वो! भांडायचं कुणाशी? चार किलो पनीर, आणि वाचायला चार सेकंद नव्हते.

"आम्हाला कन्नड येत नाही" ही आपल्याकडची दुसरी लाडकी सबब. घटकांची यादी इंग्रजीत किंवा हिंदीत असावीच लागते, कन्नड वरून जादा. तरी इतकी वर्षं बेळगावात राहून दोन शब्द शिकायला काय हरकत आहे? बेण्णे म्हणजे लोणी, एण्णे म्हणजे तेल. एका अक्षराचा फरक, आणि पाकिटातला सगळा फरक तोच. 'ताळे एण्णे' दिसलं की ते पामतेल. मी नातीला पाटीवर हे दोन शब्द गिरवायला दिले होते. आता दुकानात तीच मला वाचून दाखवते.

बाकीच्या चुका उभ्या उभ्या सांगते. 'फ्रोजन डेझर्ट' म्हणजे आइस्क्रीम नव्हे, त्यात बहुतेक वेळा दुधाच्या फॅटऐवजी वनस्पती तेल असतं. हिरवा ठिपका फक्त शाकाहारी सांगतो, दुधाचं आहे असं नाही. घटकांच्या यादीत ४१२ असले आकडे बघून घाबरणारे तर मला हसूच आणतात. तो गवारीच्या बियांचा डिंक, खऱ्या आइस्क्रीममध्येही असतो. आकड्याला घाबरायचं आणि शेजारचं तेल सोडून द्यायचं! आणि दुधाची ॲलर्जी असलेल्या पोराला 'नॉन-डेअरी क्रीमर', म्हणजे चहा-कॉफीत दुधाऐवजी घालायची पावडर, देऊ नका, त्यात बऱ्याचदा सोडियम केसिनेट असतं आणि ते दुधातूनच काढतात.

मोबाइलवर फिरणाऱ्या युक्त्यांचं तर बोलूच नका. पनीरवर आयोडीनचा थेंब निळा झाला तर पिठूळ भेसळ कळते. तेल कळत नाही. तूप तळव्यावर वितळलं म्हणून शुद्ध असंही नाही, डालडाही वितळतो. लेबल वाचायचा कंटाळा, पण औषधाच्या दुकानातून आयोडीन आणायला वेळ आहे. दिवाळीत तुपाच्या बरणीवर 'दिव्यासाठी' किंवा 'पूजेसाठी' लिहिलंय का तेही बघा. तसलं तूप शिऱ्यात घालणारी बाई मी पाहिलीय.

सुटं पनीर घेताना मी मूळ ठोकळ्याचं वेष्टन मागते. दुकानदार कुरकुरला की दोन लिटर म्हशीचं दूध घेऊन घरी येते. लिंबू पिळायचं, फडक्यात बांधायचं, वर पाण्याने भरलेला तांब्या ठेवायचा. तासाभरात होतं.