फोर बाय फोर गाडीला कंपनीने बसवलेले टायर योग्य आहेत का, हे कसे पारखावे

२०२० साली बाजारात आलेल्या नव्या महिंद्रा थारच्या एका प्रकाराला कंपनीने २४५/७५ आर १६ मापाचे टायर बसवले, तर अधिक महाग प्रकाराला २५५/६५ आर १८ मापाचे. इंजिन तेच, फोर बाय फोरची, म्हणजे चारही चाकांना शक्ती देणारी यंत्रणा तीच, तरीही टायर वेगळे. यावरून एक गोष्ट ध्यानात घ्यावी, ती अशी की कंपनीने बसवलेला टायर हा त्या गाडीसाठीचा एकमेव योग्य टायर असतो, असे खुद्द कंपनीही मानत नाही. डांबरी रस्त्यावरचा आवाज, मायलेज, ब्रेकिंग, दिसणे आणि किंमत या सगळ्यांचा मेळ घालून केलेली ती निवड असते. तो मेळ आपल्या वापराला बसतो की नाही, हे आपल्यालाच तपासावे लागते, आणि ते तपासण्यासाठी दुकानात जाण्याआधी बरेच काही घरच्या अंगणात करता येते.

सुरुवात टायरच्या बाजूवर छापलेल्या अक्षरांपासून करावी. २५५/६५ आर १८ याचा अर्थ टायरची रुंदी २५५ मिलिमीटर, रिमपासून जमिनीपर्यंतच्या रबराची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे सुमारे १६६ मिलिमीटर, आणि रिम १८ इंची. हाच हिशेब २४५/७५ आर १६ ला लावला तर रबराची उंची सुमारे १८४ मिलिमीटर येते. महाग प्रकाराचे चाक दिसायला भारदस्त असले तरी दगड आणि रिम यांच्यामधली गादी त्यात १८ मिलिमीटरने कमी आहे. दगडाळ वाटेवर जाणाऱ्याने हा फरक गाडी घेतानाच पाहायला हवा. मारुती सुझुकी जिम्नीचे १९५/८० आर १५ हे माप अरुंद आहे म्हणून अनेकजण नाक मुरडतात, परंतु तिच्या हलक्या वजनाला ते माप चांगले शोभते आणि रबराची उंचीही १५६ मिलिमीटर, म्हणजे पुरेशी मिळते.

मापाच्या पुढे एक आकडा आणि एक अक्षर असते. आकडा वजन पेलण्याच्या क्षमतेचा निर्देशांक असतो: १०० म्हणजे एका टायरवर ८०० किलो, १०९ म्हणजे १०३० किलो, ११२ म्हणजे ११२० किलो. अक्षर वेगमर्यादा सांगते: क्यू म्हणजे ताशी १६० किलोमीटर, एस म्हणजे १८०, टी म्हणजे १९०. चारही टायरांची बेरीज गाडीच्या एकूण वजनापेक्षा जास्त आहे म्हणून समाधान मानू नये, कारण पाच माणसे, पाण्याचे कॅन, तंबू आणि टपावरचे सामान यांचा भार मुख्यतः मागच्या आसावर (ॲक्सलवर) येतो. मागच्या आसाला किती भार चालतो हे माहितीपुस्तिकेत पाहून मागच्या दोन टायरांच्या क्षमतेशी ताडून पाहावे. डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे निर्मितीचा आठवडा आणि वर्ष सांगतात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. अनेक टायरांवर बारीक अक्षरांत ट्रेडखाली (रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीच्या भागाखाली) आणि साइडवॉलमध्ये (टायरच्या बाजूच्या भिंतीत) पॉलिएस्टर, स्टील व नायलॉनचे किती थर आहेत हेही लिहिलेले असते. साइडवॉलमध्ये एकच थर असेल तर तो टायर दगडांत जपूनच चालवावा लागेल, हे तिथेच समजते.

नक्षीवरून टायरचे तीन ढोबळ प्रकार पडतात. एच/टी हा महामार्गासाठी, ज्याच्या खाचा अरुंद आणि नक्षी सलग असते. एम/टी हा चिखलासाठी, ज्याचे ठोकळे मोठे आणि खाचा रुंद असतात. आणि ए/टी या दोहोंच्या मधला. एम अधिक एस (चिखल आणि बर्फ) ही खूण बहुतेक वेळा निर्मात्याने स्वतःच दिलेली असते, तर तीन शिखरे आणि हिमकणाचे चिन्ह बर्फावरची ठरावीक चाचणी उत्तीर्ण झाल्यावर मिळते. हिवाळ्यात हिमाचलातल्या स्पितीला जाणार असाल तरच त्या चिन्हाचा शोध घ्यावा.

यापुढचा टप्पा म्हणजे आपल्या प्रवासाची प्रामाणिक नोंद. गेल्या सहा महिन्यांत गाडी किती किलोमीटर डांबरावर चालली, किती कच्च्या रस्त्यावर आणि किती खऱ्या अर्थाने वाट नसलेल्या ठिकाणी, हे वहीत लिहून पाहावे. महाराष्ट्रातल्या बहुतेक गाड्यांचा बहुतांश प्रवास डांबर आणि काँक्रीटवरच होतो, आणि पावसाळ्याचे चार महिने ते डांबर ओले असते. ताम्हिणी किंवा आंबोलीच्या घाटात मुसळधार पावसात उतरणीच्या वळणावर ब्रेक दाबला जातो, तेव्हा जीव टायरच्या ओल्या पकडीवर अवलंबून असतो. तिथे चिखलाचा टायर उणा पडतो, कारण त्याच्या रुंद खाचांमुळे रस्त्याला टेकणारे रबर कमी होते आणि ठोकळ्यांवर ओल्या पकडीसाठी मुद्दाम कापलेल्या बारीक चिराही थोड्या असतात. आठवड्यातले सहा दिवस शहरात आणि एक दिवस घाटात चालणाऱ्या गाडीला एम/टी बसवणे मला धोक्याचे वाटते, गाडी कितीही रुबाबदार दिसली तरी.

डांबर सोडल्यावर मात्र जमिनीचा विचार करावा लागतो, आणि आपल्याकडे ती दर शंभर किलोमीटरवर बदलते. कोकणात जांभ्याच्या सड्यावर लाल मातीचा पातळ थर आणि खाली कठीण दगड असतो. चिखल खोल नसतो, पण शेवाळलेला जांभा अतिशय निसरडा असतो. तिथे रुंद खाचांपेक्षा ठोकळ्यांवरच्या बारीक चिरा अधिक कामाच्या, म्हणून चांगला ए/टी किंवा नवा एच/टीसुद्धा तिथे निभावून नेतो. विदर्भ-मराठवाड्यातली काळी कापसाची जमीन याच्या अगदी उलट. ओली झाली की ती फुगते, टायरला चिकटते आणि दोन-तीन फेऱ्यांतच खाचा बुजवून टायरला गुळगुळीत लाटण्यासारखा करून टाकते. एच/टी तर तिथे लगेच हरतो, ए/टी थोडा वेळ तग धरतो, आणि एम/टी फिरता फिरता चिखल बाहेर फेकतो तोपर्यंतच चालतो. मुसळधार पावसानंतर शेताला वाफसा येईपर्यंत त्या जमिनीत कोणत्याच टायरने उतरू नये. गाडी रुतते आणि शेतकऱ्याच्या बांधाचे व पिकाचेही नुकसान होते. सह्याद्रीच्या माथ्यावरच्या वाटांवर काळ्या पाषाणाचे धारदार तुकडे असतात. तिथे नक्षीपेक्षा साइडवॉलची परीक्षा होते. समुद्रकिनाऱ्यावर टायरची चाचणी घेण्याचा विचारही करू नये. गोव्यात किनाऱ्यावर वाहन नेण्यास बंदी आहे, आणि कोकणातल्या वेळाससारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी वाळूखाली असतात.

टायरला नापास करण्याआधी हवेचा दाब तपासावा. माझ्या अनुभवात कंपनीच्या टायरबद्दलच्या निम्म्या तक्रारी प्रत्यक्षात चुकीच्या दाबाच्या असतात. चालकाच्या दरवाजाच्या चौकटीवर लावलेल्या पट्टीवर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठीचा दाब दिलेला असतो, आणि तो थंड टायरचा असतो. खडूने टायरच्या रुंदीवर आडवी जाड रेघ ओढावी, सपाट जागी गाडी सरळ दहा-पंधरा मीटर चालवावी आणि रेघ कुठे पुसली गेली ते पाहावे. मध्यभागी पुसली असेल तर हवा जास्त, कडांना पुसली असेल तर हवा कमी, सारखी पुसली असेल तर त्या भाराला दाब योग्य. दुसरी तपासणी लांबच्या प्रवासात करावी: सकाळी थंड टायरचा दाब मोजावा आणि तासभर चालवल्यावर पुन्हा मोजावा. वाढ साधारण चार पीएसआयच्या आसपास असेल तर ठीक. सहा-आठने वाढला असेल तर सकाळचा दाब त्या भाराला कमी होता आणि टायर गरजेपेक्षा तापतो आहे. समृद्धी महामार्गावर ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे, आणि मे महिन्यात नागपूरकडे काँक्रीट तापलेले असताना कमी हवेचा टायर त्या वेगाने पळवणे म्हणजे स्फोटाला आमंत्रण देणे आहे.

कच्च्या वाटेवर उलट करावे लागते. हवा कमी केली की टायर जमिनीवर लांब पसरतो आणि पकड वाढते. सुरुवात म्हणून खडीच्या वाटेवर २६-२८, चिखलात २०-२२ आणि कोरड्या वाळूत १६-१८ पीएसआय धरावे आणि भाराप्रमाणे फेरबदल करावा. दाब उतरवल्यावर वेग ताशी २०-३० किलोमीटरच्या आत ठेवावा, तीव्र वळण घेऊ नये, अन्यथा टायर रिमवरून निसटतो. धारदार दगडांत फार खाली जाऊ नये, कारण साइडवॉल फुगून बाहेर येते आणि नेमकी तीच चिरते. डांबर लागण्याआधी हवा पुन्हा भरावी लागते, म्हणून चांगला गेज आणि बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर ही नव्या टायरांच्या आधीची खरेदी असावी.

दाब योग्य ठेवूनही गाडी अडली, तर लगेच ॲक्सिलरेटर न दाबता खाली उतरून पाहावे. दोष कुठे आहे हे त्या पाच मिनिटांत कळते. एखादे चाक हवेत अधांतरी फिरत असेल तर टायरचा काही संबंध नाही. साध्या डिफरेन्शिअलमुळे (आसावरच्या दोन चाकांत शक्ती वाटणाऱ्या गिअरमुळे) शक्ती त्या मोकळ्या चाकाकडे जाते, आणि उपाय आहे तो वाट बदलणे किंवा डिफरेन्शिअल लॉक वापरणे. गाडीचे पोट किंवा आस मधल्या उंचवट्यावर टेकला असेल तर प्रश्न जमिनीपासूनच्या उंचीचा आहे. परंतु चारही चाके जमिनीवर टेकलेली आहेत, पोट मोकळे आहे, फोर एल (फोर बाय फोरचा कमी वेगाचा, जास्त जोराचा गिअर) लावले आहे, आणि तरीही खाचा चिखलाने भरून चाके जागच्या जागी फिरत आहेत, तर तो टायर त्या जमिनीला अपुरा आहे. अशा प्रत्येक प्रसंगाची जागा, दाब आणि कारण वहीत लिहावे. एका पावसाळ्यात तिसऱ्या प्रकारच्या नोंदी वारंवार आल्या तर टायर बदलण्याला आधार मिळतो, एखाददुसरी आली तर नाही.

साइडवॉलची तपासणी वेगळी, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. प्रत्येक दगडाळ प्रवासानंतर टायर धुऊन आतली बाजूही हाताने चाचपावी, कारण ती बाजू सहसा कोणी पाहत नाही. पहिल्याच वर्षी सह्याद्रीतल्या एका वाटेवरून परतल्यावर माझ्या मागच्या टायरच्या आतल्या बाजूला बोटाएवढी चीर होती आणि तिच्यातून धागे दिसत होते. हवा गेलेली नसल्यामुळे त्याच टायरवर मी दोनशे किलोमीटर महामार्गावरून घरी आलो होतो. ते कळल्यावर मला घाम फुटला. धागे दिसणारी चीर किंवा फुगवटा असलेला टायर दुरुस्त होत नाही, तो बादच करावा लागतो. नक्षीवरचे कोपरे तुटणे चालते, बाजूच्या चिरा चालत नाहीत. एका मोसमात अशा दोन चिरा पडल्या तर नक्षी कितीही शिल्लक असली तरी मजबूत साइडवॉलचा टायर घ्यावा. नक्षीच्या खाचांमधल्या झिजेच्या खुणा १.६ मिलिमीटरवर असतात, पण पावसाळ्यात घाट चढणाऱ्याने चार मिलिमीटरलाच सावध व्हावे.

स्टेपनी विसरू नये. तिचे माप, नक्षी आणि झीज बाकी चार टायरांशी जुळली पाहिजे, कारण वेगळ्या परिघाचे चाक लावून फोर बाय फोर चालवले तर गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसवर (पुढच्या व मागच्या आसांना शक्ती वाटणाऱ्या पेटीवर) ताण येतो.

बदलायचे ठरलेच, तर आधी त्याच मापात दणकट ए/टी शोधावा. मोठे माप घेण्याचा मोह होतो, पण त्याचा परिणाम सगळ्या गाडीवर होतो. २४५/७५ आर १६ च्या जागी २६५/७५ आर १६ घेतला तर चाकाचा व्यास जवळपास चार टक्क्यांनी वाढतो: स्पीडोमीटर ८० दाखवत असताना वेग सुमारे ८३ असतो, चढावर गिअर जड पडतात, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर कुठे घासत नाही ना, हेही पाहावे लागते. मोटार वाहन अधिनियमाचे कलम ५२ मूळ तपशिलांपासून वेगळा बदल करण्यावर बंधन घालते, आणि अपघातानंतर विमा कंपनी हा प्रश्न विचारू शकते. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या प्रकाराला कंपनीने दिलेले माप हा सुरक्षित पर्याय, पण त्याबाबतही विमा कंपनीकडून लेखी उत्तर घ्यावे. एलटी (लाइट ट्रक) खुणेचा टायर घेतला तर तो जड असतो आणि तेवढाच भार पेलण्यासाठी त्याला अधिक दाब लागतो, त्यामुळे जुन्या पट्टीवरचा आकडा तसाच वापरू नये. पाचही टायर एकत्र घ्यावेत, अलाइनमेंट करून घ्यावे, आणि खरेदी मे महिन्यातच उरकावी, कारण नव्या रबरावरचा गुळगुळीत थर झिजायला दोनतीनशे किलोमीटर लागतात आणि ते कोरड्या रस्त्यावर पार पडलेले बरे.