पिकअपच्या डॅशबोर्डवर दिवा लागला? पार्ट बदलण्याआधी हे तपासा

दिवा लागला की आधी रंग बघा. लाल असेल तर सुरक्षित जागा शोधून लगेच थांबायचं. पिवळा किंवा नारिंगी असेल तर गाडी सहसा चालते, पण दुखणं अंगावर काढू नये. हिरवा-निळा नुसती माहिती देतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. दिवा कधी लागला ते लिहून ठेवा: इंजिन थंड होतं की गरम, गाडी रिकामी होती की भरलेली, खड्ड्यात आदळल्यावर लागला की पावसातून आल्यावर. दिवा बिघाड कुठल्या यंत्रणेत आहे एवढंच सांगतो, कुठला पार्ट गेला ते सांगत नाही. पार्ट शोधायला ही टिपणंच उपयोगी पडतात.

इंजिन सुरू न करता चावी ऑन करून बघा. इशाऱ्याचे बहुतेक दिवे लागायला हवेत. ऑइलचा दिवा तेव्हाही लागला नाही तर तो आधी दुरुस्त करून घ्या, नाहीतर खरी वेळ येईल तेव्हा तो गप्प राहील.

आता लाल दिवे. झारीच्या चित्राचा दिवा म्हणजे इंजिनमधलं ऑइल प्रेशर पडलंय. इंजिन तत्काळ बंद करा. गाडी सपाट जागी ठेवून पाच-दहा मिनिटं थांबा, डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजायची पट्टी) काढून पुसा, पुन्हा पूर्ण आत घालून काढा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. कमी असेल तर मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचं भरा. पातळी बरोबर असूनही दिवा जात नसेल, तर इंजिन चालवू नका, गाडी ओढून न्या. कधी कधी नुसता सेन्सर खराब असतो, हे खरं. पण ते प्रेशर गेज जोडूनच ठरतं. अंदाजावर चालवलेल्या इंजिनचे बेअरिंग काही मिनिटांत जाऊ शकतात.

तापमानाचा दिवा भरलेल्या गाडीला मोठ्या चढावर जास्त छळतो. एसी बंद करून थांबा आणि इंजिन पूर्ण निवेपर्यंत रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका. उकळतं कूलंट दाबाने बाहेर उडतं. निवल्यावर कूलंटची पातळी, होजपाइपची गळती, बेल्ट आणि फॅन बघा.

बॅटरीच्या दिव्यात दोष बहुतेक वेळा चार्जिंगचा असतो. मल्टिमीटर बॅटरीच्या टर्मिनलना लावा. इंजिन बंद असताना पूर्ण चार्ज बॅटरी सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते, सुरू केल्यावर साधारण 13.8 ते 14.5 दिसायला हवेत. आकडा वर चढत नसेल तर अल्टरनेटरचा (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राचा) बेल्ट ढिला आहे का, टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर चढलाय का, हे आधी बघा. हे सगळं ठीक असेल तरच अल्टरनेटर काढायला घ्या.

ब्रेकचा लाल दिवा हँडब्रेक पूर्ण न सुटल्यामुळेही राहतो. तसं नसेल तर ब्रेक ऑइल बघा. पॅड झिजले की पातळी हळूहळू उतरते, त्यामुळे वरून ऑइल भरून मोकळं होऊ नका. पेडल मऊ लागत असेल तर गाडी हलवूच नका.

एबीएसचा (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) पिवळा दिवा माझ्या गाडीत महिनाभर ये-जा करत होता. मागच्या चाकाचा सेन्सर बदलला, दोन दिवसांनी दिवा परत हजर. मग लक्षात आलं की गाडी रिकामी असताना तो लागतच नाही. चाकांना अडण्या लावून, टॉर्च घेऊन मागे वाकून पाहिलं. सेन्सरची वायर क्लिपमधून सुटली होती. हौद्यात माल आला की स्प्रिंगचे पाटे दबायचे, अ‍ॅक्सल वर यायचा आणि वायर चॅसिसच्या कडेला घासायची. वरचं आवरण गेलं होतं, आतलं तांबं हिरवं पडलं होतं. वायर जोडून नव्या क्लिपमध्ये बसवली, दिवा गेला. पिकअपमध्ये सेन्सरइतकाच त्याच्या वायरवर संशय घ्यावा, असं मी म्हणेन.

डिझेल गाडीत पाण्याच्या थेंबाचा दिवा दिसला तर फिल्टरमध्ये पाणी साचलंय. इंजिन बंद करून फिल्टरच्या तळाचा ड्रेन स्क्रू ढिला करा आणि निघेल ते पारदर्शक बाटलीत धरा. थोड्या वेळात पाणी खाली, डिझेल वर असं वेगळं दिसतं. शुद्ध डिझेल येऊ लागलं की स्क्रू आवळा.

चेक इंजिनचा दिवा स्थिर असेल तर स्कॅनर लावून बिघाडाचा कोड वाचून घ्या. लुकलुकत असेल तर अ‍ॅक्सिलरेटर सोडा आणि जमेल तितक्या लवकर थांबा: पेट्रोल इंजिनमध्ये तो बहुधा मिसफायर असतो, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही, आणि न जळलेलं इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) खराब करतं. ओबीडी स्कॅनरचं (गाडीतले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या यंत्राचं) 16 पिनांचं सॉकेट सहसा स्टिअरिंगखाली असतं. पी0301 म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर. दोष प्लगचा, त्याला ठिणगीसाठी वीज देणाऱ्या कॉइलचा की इंजेक्टरचा, हे त्यातून कळत नाही. पहिल्या सिलिंडरची कॉइल दुसऱ्यावर लावून बघा. कोड बदलून पी0302 झाला तर कॉइल खराब.

एअरबॅगच्या दिव्याला घरी हात घालू नका.

कोड पुसण्याआधी लिहून घ्या. पुसल्यावर काही दिवस गाडी रिकामी आणि भरलेली, दोन्ही प्रकारे चालवा, मग पुन्हा स्कॅन करा.